वाचकांचे प्रश्न : पोपच्या शब्दाला राजे का भीत होते?

मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती धर्मसत्तेविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरच पुढील उत्तरे उभी आहेत, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : पोपने जर्मनीच्या राजाला तीन दिवस बर्फात अनवाणी उभे केले, असे एक वाक्य आम्ही शाळेत पाठ केले होते आणि पुढे मीही ते मुलांना शिकवले. ज्याच्यापाशी नाव घेण्याजोगे सैन्य नव्हते, त्या धर्मगुरूला हे कसे साधले? ही हकिकत खरी आहे की रचलेली?
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : हकिकत खरी आहे आणि तिचा मुख्य आधार म्हणजे खुद्द पोपने लिहिलेले पत्र. जानेवारी १०७७ मध्ये उत्तर इटलीतील कानोसाच्या किल्ल्याच्या दारात जर्मनीचा राजा चौथा हेन्री राजचिन्हे उतरवून, अनवाणी, अंगावर लोकरीचे साधे वस्त्र घालून तीन दिवस रडत क्षमा मागत होता, असे पोप सातव्या ग्रेगरीने जर्मन सरदारांना कळवले. त्या पत्रात बर्फाचा उल्लेख नाही. मात्र तो हिवाळा इतका कडक होता की ऱ्हाईन नदी कित्येक महिने गोठलेली राहिली, असे त्या काळच्या वृत्तांतात नोंदवलेले आहे. त्यामुळे पाठ्यपुस्तकातला बर्फ अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मला त्या पत्रातली दुसरीच एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. किल्ल्यात हजर असलेली माणसे राजासाठी रदबदली करू लागली आणि 'ही धर्मपीठाची कठोरता नव्हे, हा जुलमी सत्ताधीशाचा निर्दयपणा आहे' अशा अर्थाचे काही जण बोलले, हे ग्रेगरीने स्वतःच लिहून ठेवले आहे.

भांडणाचे मूळ बिशपांच्या नेमणुकीत होते. त्या काळच्या जर्मनीत बिशप हा नुसता धर्मगुरू नव्हता. त्याच्याकडे मोठमोठ्या जमिनी असत, न्यायदानाचा, जकातीचा आणि कित्येक ठिकाणी नाणी पाडण्याचाही अधिकार असे, आणि राजाने हाक दिली की त्याला शिबंदी घेऊन हजर व्हावे लागे. राजाच्या दृष्टीने तो सर्वांत सोयीचा जहागीरदार होता, कारण त्याला औरस वारस नसे. सरदाराला दिलेली जमीन पिढ्यानपिढ्या त्याच्या घराण्यात अडकून पडे, पण बिशप वारला की ती जागा नव्याने भरण्याची संधी राजाला मिळे. (वतनदारीचा इतिहास वाचलेल्या मराठी वाचकाला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.) नेमणुकीच्या वेळी राजा नव्या बिशपाच्या हाती अंगठी आणि मेंढपाळाच्या काठीसारखा आकडीचा दंड देई आणि 'चर्च स्वीकार' असे म्हणे. अंगठी म्हणजे बिशपाचे आपल्या ख्रिस्तसभेशी लागलेले लग्न आणि दंड म्हणजे श्रद्धावंतांच्या कळपाची राखण. ही दोन्ही चिन्हे धर्मदीक्षा न घेतलेल्या माणसाने द्यावीत, हे ग्रेगरीला आणि त्याच्याभोवतीच्या सुधारकांना मुळीच मान्य नव्हते. पैसे मोजून बिशपपद मिळवण्याचा प्रकारही तेव्हा बोकाळला होता, आणि राजाच्या हातातली नेमणूक हेच त्याचे उगमस्थान आहे, असे या सुधारकांचे म्हणणे होते. त्यात तथ्य होते.

१०७५ मध्ये ग्रेगरीच्या पत्रसंग्रहात २७ कलमांची एक यादी नोंदली गेली. सम्राटांना पदच्युत करण्याचा अधिकार पोपला आहे, असे त्यातले एक कलम सांगते. अन्यायी धन्याला वाहिलेल्या निष्ठेतून प्रजेला मोकळे करण्याचा अधिकारही पोपला आहे, असे शेवटचे कलम सांगते. आपल्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः या शेवटच्या कलमात आहे. त्या समाजात पगारी नोकरशाही नव्हती आणि कायमचे सैन्यही नव्हते. सरदार राजाला आणि लहान सरदार मोठ्या सरदाराला शुभवर्तमानावर किंवा संतांच्या अस्थींवर हात ठेवून निष्ठेची शपथ वाही, आणि सारे राज्य अशा शपथांच्या जाळ्यावर तोललेले असे. शपथ मोडणे हे महापाप. पण शपथेवर हुकमत धर्माची असल्यामुळे ती सोडवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, असे पोप म्हणू शकत होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस मिलानच्या आर्चबिशपपदावर हेन्रीने आपला माणूस बसवला आणि वाद पेटला. जानेवारी १०७६ मध्ये वर्म्स येथे जमलेल्या जर्मन बिशपांकडून हेन्रीने ग्रेगरीला पोपपदावरून उतरण्यास फर्मावले. फेब्रुवारीत ग्रेगरीने त्याला बहिष्कृत केले, राज्य करण्यास मनाई केली आणि त्याच्या प्रजेला शपथेतून मोकळे केले. आता जर्मनीतली परिस्थिती पाहावी. हेन्रीविरुद्ध उठलेल्या सॅक्सन सरदारांचा आदल्याच वर्षी युद्धात पराभव झाला होता आणि ते सूड घ्यायला टपले होते. दक्षिणेकडचे बडे सरदार राजाचे बळ वाढलेले पाहून धास्तावले होते. या सर्वांना बंड हवेच होते. पोपच्या शब्दाने त्या बंडातले पाप काढून घेतले. ऑक्टोबरमध्ये ट्रिबुर येथे जमून त्यांनी ठरवले की बहिष्काराला वर्ष पुरे होईपर्यंत राजाने पोपकडून मुक्ती मिळवली नाही, तर त्याला राजा मानायचे नाही. पोपलाही त्यांनी फेब्रुवारीत आउग्सबुर्गला निवाड्यासाठी बोलावले.

म्हणून हेन्री ऐन थंडीत, राणी आणि तीन वर्षांचेही नसलेले मूल बरोबर घेऊन आल्प्स ओलांडायला निघाला. हर्सफेल्डच्या मठातील लाम्पर्ट हा भिक्षू हेन्रीचा विरोधक होता, तरी त्याने या प्रवासाचे वर्णन तपशिलाने केले आहे. उतरणीवर पुरुष हातापायांवर रांगत, वाटाड्यांच्या खांद्यांना धरून खाली आले. राणीला आणि तिच्या दासींना बैलांच्या कातड्यांवर बसवून ओढत उतरवले. घोड्यांपैकी काहींचे पाय बांधून त्यांना घसरत खाली सोडले आणि त्यांतले बरेच दगावले. जर्मनीकडे निघालेल्या पोपला राजा येत असल्याचे कळताच तो काउंटेस मातिल्दाच्या कानोसा किल्ल्यात शिरला, कारण राजा सैन्य घेऊन आला असेल असे त्याला वाटले. राजा आला तो पश्चात्तापी म्हणून, आणि तेथेच ग्रेगरी पेचात सापडला. पश्चात्ताप करून दाराशी आलेल्या पाप्याला धर्मगुरू कोणत्या तोंडाने परत पाठवणार? चौथ्या दिवशी त्याने हेन्रीला क्षमा केली आणि आउग्सबुर्गचा निवाडा बारगळला.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट येथे संपते, पण घटनाक्रम पुढे बराच चालला. राजाला क्षमा मिळाल्यावरही मार्च १०७७ मध्ये सरदारांनी स्वाबियाच्या रुडोल्फला राजा म्हणून निवडले. १०८० मध्ये ग्रेगरीने हेन्रीला पुन्हा बहिष्कृत केले, परंतु या वेळी जर्मनीतले बहुतेक बिशप आणि बरेच सरदार राजाच्या बाजूने उभे राहिले आणि पोपचा तोच शब्द फिका पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लढाईत रुडोल्फचा उजवा हात तुटला आणि तो मरण पावला. ज्या हाताने त्याने हेन्रीला निष्ठेची शपथ वाहिली होती तोच हात देवाने घेतला, असे हेन्रीचे पक्षपाती सांगू लागले. वाळलेला एक हात रुडोल्फचा म्हणून मेर्सेबुर्गच्या कॅथिड्रलमध्ये आजही जपून ठेवला आहे. १०८४ मध्ये हेन्रीने रोम घेतले आणि स्वतः उभ्या केलेल्या पोपकडून सम्राटपदाचा मुकुट घेतला. ग्रेगरीच्या सुटकेसाठी आलेल्या नॉर्मन सैन्याने रोमच लुटले, त्यामुळे त्याला शहर सोडावे लागले आणि २५ मे १०८५ रोजी सालेर्नो येथे परागंदा अवस्थेत त्याचे निधन झाले.

अंगठी आणि दंडाचा वाद पुढे ११२२ च्या सप्टेंबरात वर्म्सच्या कराराने मिटला, म्हणजे दोन्ही मुख्य वादी तोवर हयात नव्हते. अंगठी आणि दंड देण्याचा हक्क सम्राटाने सोडला. जमिनी व ऐहिक अधिकार मात्र तो राजदंडाच्या स्पर्शाने देऊ लागला, आणि जर्मनीतली बिशपाची निवडणूक त्याच्या उपस्थितीत होऊ लागली. एकाच माणसाच्या दोन पदांची अशी वेगवेगळी मोजणी करण्याचा हा प्रयत्न मला त्या शतकातली मोठी बौद्धिक कमाई वाटते.

प्रश्न : राजाशी भांडण असताना पोपने सबंध इंग्लंडमधले धर्मविधी बंद केले, असे वाचनात आले. राजाच्या अपराधासाठी प्रजेला शिक्षा हा कोणता न्याय? आणि त्या शिक्षेचा उपयोग तरी झाला का?
— विधी शाखेचा एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : आपण म्हणता ती घटना २३ मार्च १२०८ ची. कँटरबरीचा आर्चबिशप कोण असावा, यावरून मठातले भिक्षू आणि राजा जॉन यांच्यात तंटा झाला, दोन्ही बाजूंचे उमेदवार बाजूला सारून पोप तिसऱ्या इनोसंटने स्टीफन लँग्टनची निवड करवली आणि जॉनने त्याला देशात पाऊल ठेवू दिले नाही. त्यावर इनोसंटने देशभर धर्मविधींवर बंदी घातली. चर्चच्या घंटा मुक्या झाल्या, लोकांसाठी मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) होईना, मेलेल्यांना पवित्र केलेल्या भूमीत पुरता येईना. अर्भकांचा बाप्तिस्मा आणि मरणासन्नांचा पापनिवेदनाचा विधी एवढ्यांना मुभा होती. ही स्थिती जुलै १२१४ पर्यंत, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ टिकली. इतक्या काळात एखाद्या खेड्यात किती माणसे कशी मातीआड गेली असतील याचा विचार केला, तर आपल्या प्रश्नातला राग मला पूर्णपणे रास्त वाटतो. प्रजेने अस्वस्थ होऊन राजावर दबाव आणावा, हा या शिक्षेमागचा हिशेब होता. ती निरपराधांना अधिक जाचते, हे पुढे रोमलाही जाणवले. १२९८ च्या धर्मकायद्यात आठव्या बोनिफेसने अशा बंदीच्या काळातही दारे लावून हलक्या आवाजात मिस्सा करण्यास आणि नाताळ, ईस्टर यांसारख्या सणांना दारे उघडून घंटा वाजवण्यास परवानगी दिली.

उपयोगाचे म्हणाल, तर पहिली काही वर्षे जवळजवळ काहीच झाला नाही. जॉनने धर्मगुरूंच्या मालमत्ता जप्त केल्या आणि त्यांचे उत्पन्न आपल्या खजिन्यात वळवले. नोव्हेंबर १२०९ मध्ये तो स्वतः बहिष्कृत झाला, तरीही बधला नाही. तो नमला मे १२१३ मध्ये, जेव्हा फ्रान्सचा राजा फिलिप आरमार घेऊन खाडीपलीकडे सज्ज झाला आणि घरच्या सरदारांवर जॉनला भरवसा ठेवता येईना. मग मात्र त्याने इंग्लंड आणि आयर्लंड ही दोन्ही राज्ये पोपला अर्पण करून जहागीर म्हणून परत घेतली आणि वर्षाला १,००० मार्क खंडणी कबूल केली. कानोसाला जे दिसले तेच येथेही दिसते: पोपचा निवाडा अमलात आणायला जवळपास कोणीतरी तलवारबहाद्दर स्वतःच्या कारणासाठी तयार असावा लागे.

आपण कायद्याचे विद्यार्थी आहात, म्हणून पुढचे एक सांगतो. १२१५ च्या जूनमध्ये सरदारांनी जॉनकडून मॅग्ना कार्टावर मोहोर करून घेतली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सनद रद्दबातल ठरवणारा हुकूम इनोसंटने काढला. जॉन आता पोपचा मांडलिक होता आणि धन्याच्या संमतीवाचून, जबरदस्तीने लिहून घेतलेली सनद पोपच्या मते अवैध होती. ज्या लँग्टनसाठी एवढे रामायण घडले, तो सरदारांना बहिष्कृत करण्यात चालढकल करतो म्हणून पोपच्या प्रतिनिधींनी त्यालाच निलंबित केले. मॅग्ना कार्टाचे पहिले कलम इंग्लंडचे चर्च स्वतंत्र राहील असे म्हणते, हे ध्यानात ठेवून हा प्रसंग वाचावा.

प्रश्न : शेतकरी पिकाचा दहावा हिस्सा चर्चला देत. तो सगळा रोमला जात असे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. दशांश मुख्यतः स्थानिक धर्मगुरू, बिशप, चर्चची डागडुजी आणि गोरगरीब यांच्यासाठी असे. पुष्कळ ठिकाणी तो मठांच्या किंवा जमीनदारांच्या घशातही जाई. पोपचे उत्पन्न निराळे होते: मध्य इटलीतील त्याचा स्वतःचा मुलूख, इंग्लंडसारख्या देशांतून येणारा 'पीटरचा पैसा', मांडलिक राजांची खंडणी, ११९९ पासून धर्मयुद्धांसाठी धर्मगुरूंच्या उत्पन्नावर बसवलेला कर, नव्याने पद मिळालेल्याच्या पहिल्या वर्षाच्या उत्पन्नातला वाटा आणि दस्तऐवजांचे शुल्क.

यांतल्या शेवटच्या बाबीकडे सहसा कोणी पाहत नाही. रोमहून निघालेल्या सनदेला शिशाचा गोल शिक्का लोंबकळत असे. त्याच्या एका बाजूला संत पीटर आणि संत पॉल यांची मुखे आणि दुसऱ्या बाजूला त्या वेळच्या पोपचे नाव. हक्क किंवा सवलत देणारे पत्र असेल तर शिक्का रेशमी दोऱ्याने ओवलेला, हुकूम किंवा निवाडा असेल तर तागाच्या सुतळीने; पत्र उलगडण्याआधीच घेणाऱ्याला त्याचा सूर कळत असे. पोप वारला की नावाचा साचा फोडून टाकत आणि संतांच्या मुखांचा साचा मात्र पुढच्या पोपसाठी तसाच चालवत. माणूस बदलला तरी पद अखंड आहे, हे युरोपातल्या दुसऱ्या कोणत्याही दरबाराला इतक्या नेटकेपणाने सांगता आले नसावे.

प्रश्न : एकाच वेळी तीन पोप होते, हे खरे आहे का? असल्यास एवढी मोठी सत्ता त्या अवस्थेला कशी आली?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : खरे आहे. त्याची सुरुवात मात्र चौदाव्या शतकाच्या आरंभापासून पाहावी लागते. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप धर्मगुरूंवर कर बसवू लागला आणि आठव्या बोनिफेसने त्याला विरोध केला. १३०२ मध्ये बोनिफेसने जाहीर केले की तारणासाठी प्रत्येक मानवाने रोमच्या धर्मपीठाच्या अधीन असणे आवश्यक आहे. शब्दांच्या दृष्टीने ग्रेगरीपेक्षाही हा दावा मोठा होता. पण फिलिपने त्याआधीच पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये सरदार, धर्मगुरू आणि नगरांचे प्रतिनिधी यांची सभा भरवून त्यांना आपल्या बाजूला वळवले होते. शपथ मोडण्याची वाट पाहणारे सॅक्सन सरदार या खेपेस कोठेच नव्हते. ७ सप्टेंबर १३०३ रोजी फिलिपचा मंत्री नोगारे आणि रोममधल्या कोलोन्ना घराण्याचा स्कियारा यांनी अनाग्नी येथे पोपच्या वाड्यात घुसून वृद्ध बोनिफेसला कैद केले. गावकऱ्यांनी त्याला काही दिवसांतच सोडवले, पण महिनाभरात तो वारला.

१३०९ पासून पोप रोम सोडून आजच्या दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्योंला राहू लागले. तेथील सातही पोप फ्रेंच होते. १३७७ मध्ये धर्मपीठ रोमला परतले आणि दुसऱ्याच वर्षी कार्डिनलांनी, म्हणजे पोपची निवड करणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंनी, आधी सहाव्या उर्बानला आणि नंतर, ती निवड दडपणाखाली झाली असे सांगून, सातव्या क्लेमेंटला निवडले. उर्बान रोममध्ये राहिला आणि क्लेमेंट आव्हिन्योंला गेला. फ्रान्स आणि स्कॉटलंड आव्हिन्योंच्या बाजूने, इंग्लंड रोमच्या बाजूने. १४०९ मध्ये पिसा येथील सभेने दोघांनाही काढून तिसरा निवडला. आधीचे दोघे हटले नाहीत, म्हणून तीन झाले. कोन्स्टान्सच्या महासभेने एकाचा राजीनामा घेऊन आणि दोघांना पदच्युत करून ११ नोव्हेंबर १४१७ रोजी पाचव्या मार्टिनची निवड घडवली, तेव्हा हा तिढा सुटला. त्याच महासभेने, सम्राटाचे अभयपत्र घेऊन आलेल्या यान हुस या बोहेमियातील धर्मसुधारकाला ६ जुलै १४१५ रोजी जिवंत जाळले. एकीसाठी झटणाऱ्या सभेच्या नावावर ही गोष्टही आहे आणि ती वगळून तिचा इतिहास सांगू नये, असे मला वाटते.

प्रश्न : आमच्या वसईत आणि मुंबईत जुन्या माणसांच्या तोंडी 'पाद्रोआदो' हा शब्द ऐकला आहे. त्याचा पोपच्या या सत्तेशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, वसई

उत्तर : थेट संबंध आहे. पंधराव्या शतकापासून पोपांनी पोर्तुगालच्या राजांना सनदा दिल्या आणि समुद्रापार जिंकलेल्या किंवा शोधलेल्या मुलखातल्या चर्चचे पालकत्व त्यांच्याकडे सोपवले. चर्च बांधणे, धर्मगुरूंना जहाजाने पाठवणे आणि त्यांना पोसणे हा खर्च राजाने करायचा. त्या बदल्यात बिशपपदासाठी नाव सुचवण्याचा हक्क राजाचा. हेच पाद्रोआदो. १५३४ मध्ये गोव्याचा धर्मप्रांत याच व्यवस्थेखाली निर्माण झाला आणि त्याच वर्षी वसई पोर्तुगीजांच्या हाती आली. ज्या नेमणुकीसाठी ग्रेगरीने हेन्रीला कानोसाच्या दारात उभे केले, ती नेमणूक आता एका राजाच्या शिफारशीवर सोपवली गेली होती. शेवटची मंजुरी पोपकडे राहिली, आणि सतराव्या शतकात पोर्तुगालच्या नव्या राजाला रोमने मान्यता दिली नाही तेव्हा नावे अडकून कित्येक बिशपपदे वर्षानुवर्षे रिकामी पडली.

रोमला हे ओझे लवकरच जाणवू लागले. १६२२ मध्ये पोपने धर्मप्रसारासाठी स्वतःचे वेगळे खाते उघडले आणि १६३७ मध्ये गोव्याजवळच्या दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रू या भारतीय धर्मगुरूला रोममध्ये बिशप करून आदिलशाही मुलखासाठी पोपचा प्रतिनिधी म्हणून पाठवले. पोर्तुगालच्या हक्काला हात लागू नये म्हणून त्याला एका प्राचीन, केवळ नावापुरत्या उरलेल्या धर्मप्रांताचा बिशप म्हटले गेले. गोव्यातल्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी तरीही त्याला मानले नाही, आणि त्याला तेव्हा विजापूरच्या राज्यात असलेल्या डिचोलीला मुक्काम करावा लागला. पुढे मुंबईत या दोन्ही सत्ता समोरासमोर आल्या. एकाच शहरात काही चर्च पाद्रोआदोच्या बिशपाकडे आणि काही रोमने थेट नेमलेल्या बिशपाकडे असत. ही दुहेरी व्यवस्था रोम आणि पोर्तुगाल यांच्यातील १९२८ च्या कराराने मिटली. आपल्याकडच्या वृद्धांना तो शब्द अजून आठवतो, तो या कारणाने.